व्याह्यांच्या गावी विजेची मोटार

॥ श्री ॥

मुक्काम : (ही जागा तूर्त मोकळी ठेवली आहे, कारण पुढे येईल)
फाल्गुन महिना, सन १९५४

आमचे व्याहीबुवा श्री. दादाजी पाटील, मौजे पळसवाही, यांना कुसुमटोल्याच्या नानाजीचा हात जोडून नमस्कार.

आपली तब्येत बरी असेल असं धरून चालतो. मागे चांद्याच्या बाजारात भेट झाली तेव्हा आपण खोकत होता आणि हा खोकला विड्यांचा नसून धुळीचा आहे असं मला पटवत होता, ते मला पटलेलं आहे. विहीणबाई आशाबाईंचा मोतीबिंदू काढून बरेच दिवस झाले, आता त्यांना निदान सूप कोणतं आणि टोपली कोणती एवढं दिसत असावं. चि. चंदाला आणि तिच्या लहानगीला आशीर्वाद. लहानगीचं नाक कोणावर गेलं हे मात्र आपण मागच्या पत्रात लिहिलं नाही. आमच्या इंदुताईनं (म्हणजे माझी थोरली बहीण, चंदाची आई, आपली विहीण, आपल्याला हे सांगायला नको, पण पत्रात नातं लिहावं अशी आमच्या वडिलांची शिस्त होती) ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, आणि नाकाचा मजकूर मी मुद्दाम गाळतो आहे असा तिला अजून संशय आहे. तरी पुढच्या पत्रात नाकाबद्दल चार ओळी याव्यात. आमच्याकडे बाकी सगळं ठीक आहे. आपण स्वतः दात तपासून, शेपटी पिळून जी बैलजोडी मला निवडून दिली होती, तीही ठीकच असणार. असणार असं लिहितो, कारण ती आता आमच्याकडे नाही. रागावू नये, सगळं ओळीनं सांगतो.

गेल्या श्रावणात काय झालं ते आपण जाणताच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईनं डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, आढ्याला पाळणा टांगला होता. आणि नदीला असा पूर आला की चंदा अलीकडे येऊ शकली नाही, आम्ही पलीकडे जाऊ शकलो नाही. बाळंतपण आपल्याकडे सुखरूप झालं, त्याचे उपकार आहेतच. पुढे आशाबाईंच्या डोळ्याचं निघालं आणि चंदाला अजूनही घर सोडता येत नाही. पाणी ओसरल्यावर ताई निघणार, तोच धानाच्या बांधीवरून घसरून तिचं कमरेचं हाड गेलं. हाड बसवणाऱ्यानं बसवलं ते बरं बसवलं, घरात काठी धरून फिरते, पण गाडीचा हिसका सोसत नाही. आपण मोठ्या मनानं दोनदा बैलांची हलकी रेंगी पाठवली. दोन्ही वेळा वेशीपर्यंत जाऊन माघारी आणावं लागलं. ती ओरडली नाही, नुसता पदर दातात धरून बसली होती, आणि चैतूनं (आमचा जुना सालदार, ज्याच्या मिशांना आपण हसता) न विचारता बैल वळवले. डोलीतून न्यावं म्हटलं तर म्हणते, चार माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं आणि त्याला अजून वेळ आहे. तो पाळणा अजून टांगलेलाच आहे. आमच्या मंडळींनी एकदा जागा दिसली म्हणून त्यात लसणाच्या जुड्या ठेवल्या. संध्याकाळी ताईनं स्वतः एकेक जुडी काढली आणि पाळण्याचं फडकं झटकलं. ते पाहून मला फार वाईट वाटलं, हे सरळच लिहितो.

शिवाय ताईचा जुना नियम आपल्याला माहीत आहे. लेकीच्या सासरी आईनं सकाळी जावं, पोरीला पाहावं, ताटावर बसावं लागलंच तर बसावं आणि दिवे लागायच्या आत आपल्या घरी परतावं. मुक्काम करायचा नाही. विधवा बाई लेकीच्या घरी राहिली तर लोक जावयाच्या भाकरीवर पडली म्हणतात, असं तिनं कुठल्याशा मावशीच्या बाबतीत ऐकलं होतं आणि ते तिच्या मनातून काही जात नाही. आपण आणि आशाबाईंनी अनेकदा आग्रह केला, तेव्हा ती हसून मान हलवायची. म्हणजे अडचण अशी की जाणं आणि येणं दोन्ही एका दिवसात व्हायला हवं, आणि हिसका एकही लागता कामा नये. असं वाहन या जंगलात कुठून आणायचं, याचा मी दिवाळीभर विचार केला.

आमच्या बाजूच्या जमीनदारांचा बंगला आपण पाहिला असेल. जमीनदारी गेली तसा तो उदास पडला आहे. तिथले दिवाणजी आता स्वतः शेती करतात आणि त्यांना बैलांची गरज होती. बंगल्याच्या मागे एका छपरीत झाकून ठेवलेली मोटार त्यांनी मला दाखवली. मोठ्या जमीनदारांनी ती कलकत्त्याहून आपल्या आईसाठी आणली होती, कारण म्हातारीला पेट्रोलचा वास सोसत नसे. ही मोटार विजेवर चालते. पुढे इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, हँडल मारायला माणूस नको. वळवायच्या चाकाऐवजी एक दांडा हातात धरायचा, तो ढकलावा तिकडे ती जाते. बसायच्या जागेखाली बॅटऱ्या, आणि त्या जमीनदारी जायच्या आधी नव्या घातलेल्या. गादी अशी मऊ आणि खाली कमानी अशा की मी बसलो तो पुन्हा उठायचं नाव घेईना. मी मनात ताईला त्या गादीवर बसवलं आणि तिथेच व्यवहार झाला. दिवाणजींनी जोडी नेली, मी मोटार आणली. (आणली म्हणजे दिवाणजींनी त्याच बैलांना जुंपून ती आमच्या दारात सोडली आणि बैल परत नेले. जाताना त्यातल्या कबऱ्यानं मागे वळून पाहिलं, ती नजर मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.) दिवाणजी म्हणाले, एकदा भरली की पळसवाहीला जाऊन येते.

आता भरायची कशी, हे दिवाणजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बैल घेताना तो काय खातो हे आपण विचारत नाही, त्या सवयीनं. बंगल्यावर त्यांचं स्वतःचं वीजयंत्र होतं, ते केव्हाच विकलं गेलं. आमच्या गावात वीज म्हणाल तर पावसाळ्यात दिसते तेवढीच. पण आपल्या आशीर्वादानं आमच्या घराला लागून गुणवंतरावांची धानाची गिरणी आहे. तेलावरचं इंजिन, आणि त्याच्या पट्ट्यावर लग्नातले दिवे पेटवायला त्यांनी लावलेला डायनामो. त्या डायनामोपासून आमच्या गोठ्यापर्यंत तार आणली, म्हणजे मोटार घरच्या घरी भरता येईल असं ठरलं. घरच्या घरी हा शब्द मी तेव्हा फार अभिमानानं वापरत होतो. तार आमच्या अंगणातून गेली, ती नेमकी मंडळींच्या वाळत घालायच्या दोरीच्या जागेवरून. दोरी काढावी लागली. त्यानंतर ओली लुगडी कुठे वाळतात हे मला विचारायची सोय राहिली नाही, कारण ती माझ्या खाटेवर वाळत. गाय गोठ्यातून पडवीत आली, पडवीतलं जातं माजघरात आलं, आणि मी माजघरातून बाहेर आलो.

पण खरी गंमत पुढे आहे. इंजिन चालेल तेव्हाच डायनामो फिरणार, आणि धान असेल तेव्हाच इंजिन चालणार. गुणवंतराव सज्जन माणूस, पण रिकामं इंजिन चालवायचं म्हणजे त्यांना कसंसंच होतं. पोटात काही नसताना दात चावल्यासारखं वाटतं म्हणाले. म्हणजे मोटार भरायची तर कोणाचं तरी धान कांडलं गेलं पाहिजे. आपल्याकडे घरोघरी ढेकी आहे, बाया रोजच्यापुरतं कांडतात, गिरणीत कोण कशाला येतं. तेव्हा मी आमचंच धान पाठवायला लागलो. आधी खायचं, मग विकायचं, मग बियाण्याचं सुद्धा. (ते बियाण्याचं मंडळींना अजून कळलेलं नाही. पत्र आपल्यातच ठेवावं.) तेवढ्यानं भागेना, तेव्हा ताई काठी टेकत दारात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला म्हणायला लागली की धान घेऊन ये व बाई, मले नात पाहाले जायचं हाय. आणि व्याहीबुवा, बाया आल्या. डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीनं आल्या. जिच्या घरी दोन पायल्या होत्या तिनंही आणल्या. आमच्या गावानं या वर्षी ढेकीला विश्रांती दिली आणि मोटारीच्या पोटात वीज घातली. आता घरोघरी इतका तांदूळ झाला आहे की त्यात सोंडे होण्याआधी तो संपवायचा म्हणून लोक दोन्ही वेळा भातच खातात आणि भेटले की मला मोटार कशी आहे विचारतात. माणसं फार चांगली आहेत आमची.

या काळात बॅटरीच्या तेजाबानं माझी धोतरं खाल्ली. धोतराला तेजाबाचा थेंब लागला तर त्या वेळी काही दिसत नाही, धुतल्यावर दिसतं. तालुक्याच्या जनपद सभेचे सभासद आमच्या गावी आले तेव्हा मी स्वागताला उभा राहिलो आणि वारा आला. त्यापलीकडे लिहीत नाही. ताईनं ती सगळी धोतरं मागून घेतली, भोकं सोडून मधले चांगले तुकडे कापले आणि नातीसाठी आणखी दुपटी शिवली. चैतू एवढा सगळा खटाटोप बघत होता. एके दिवशी तो सरळ म्हणाला, "मालक, गादी मऊ हाय, कमानी चांगल्या हायेत. कोनाचे तरी बैल मांगून मोटारीले जुपू ना. उद्याच्या उद्या जाऊ, सांजेले वापस." मला ते एकदम पटलं. खोटं कशाला लिहू, मला लाजही वाटली, की हे आपल्याला बैल द्यायच्या आधी सुचायला हवं होतं. पण ताई त्याच्यावर अशी उसळली की मी तिला इतकी चिडलेली पूर्वी पाहिली नव्हती. "बैलच जुपायचे तं मोटार कायले आनली? लोक हासतीन. विजेवरच जाईन मी." आता आपली ताई लोकांच्या हसण्याला घाबरणारी नव्हे. पण मला वाटलं, भावाच्या वस्तूची शान राखते आहे. माझा ऊर भरून आला.

तर मोटार भरू लागली, पण बॅटऱ्यांतलं पाणी आटू लागलं. आतल्या पत्र्यावर इंग्रजीत लिहिलं आहे की साधं पाणी चालणार नाही, वाफेचं धरलेलं शुद्ध पाणीच हवं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे एक बाटली होती, ती तो सुईसाठी जपून ठेवतो आणि माणूस मोठा की मोटार असं विचारतो. मग मी विचार केला, वाफ धरून थेंब थेंब गाळायची विद्या या मुलखात कोणाला येते. आपल्या लक्षात आलंच असेल. मी जंगलातल्या टोल्यावर कोलूकडे गेलो. कोलूच्या मोहाचं नाव आपल्याही कानावर आहे (कानावरच, असं आशाबाईंसमोर म्हणूया). मी त्याला म्हणालो, भट्टी लाव, पण मोह घालू नको, नुसतं पाणी घाल. मग त्यानं आपल्या बायकोला, मंगलीला, हाक मारून ते पुन्हा माझ्या तोंडून वदवून घेतलं. "पानीच पाह्यजे तं झरा हाय ना जी. पान्यातून पानी काऊन काढतं?" असं मंगलीनं विचारलं, आणि तिचं काही चुकलं नाही. पण मी ताईचं आणि नातीचं सांगितल्यावर कोलूनं चूल पेटवली.

पहिली बाटली मी घरी आणून बॅटऱ्यांत घातली तेव्हा गोठ्यात वास आला. ओळखीचा वास होता, पण मी तो चैतूचा समजलो आणि त्याला उगाच बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गोठ्याचं कुडाचं दार उचकटलेलं आणि मोटारीच्या गादीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे. आमच्याकडचं अस्वल मोहाच्या वासावर कुठूनही येतं, हे आपण जाणता. गाय बिचारी पडवीत होती म्हणून वाचली, तेव्हा मंडळींनीही मोटारीचा एक उपकार मान्य केला. मी कोलूला जाऊन विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला की नुसतं पाणी द्यायला त्याला बरं वाटेना. पाहुणा दारी आला, बहिणीसाठी आला, त्याला कोरं पाणी कसं द्यायचं, म्हणून त्यानं मूठभर फुलं टाकली होती. एवढ्या प्रेमावर मी काय रागावणार. गुणवंतरावांनी त्या बॅटऱ्या रिकाम्या करून, धुऊन, पुन्हा तेजाब घालून दिल्या.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः भट्टीशेजारी बसलो, म्हणजे कोलूच्या हातून माया व्हायला नको. आणि त्याच दिवशी अबकारीचा जमादार आला. चूल पेटलेली, मडक्यावर मडकं, नळीतून थेंब पडताहेत आणि शेजारी मी, भोकं पडलेल्या धोतरात. कोलूचा चेहरा उतरला. एकदा पकडला गेला होता, दुसऱ्यांदा भट्टी फुटली असती आणि तो आत गेला असता, आणि या वेळी तो खरोखर निर्दोष होता. मी उठून म्हणालो, भट्टी आज माझी आहे आणि हे पाणी आहे. जमादार हसला. असं त्याला सगळेच सांगतात म्हणाला. त्यानं वास घेतला, मग चव घेतली, मग लोटा भरून प्यायला. मग दुसरा लोटा प्यायला आणि चढायची वाट पाहत दगडावर बसला. आम्ही सगळेच वाट पाहत बसलो. काही होईना तेव्हा तो खरा चिडला. दारू असती तर पंचनामा करता आला असता, पण आरोपी पाण्यापासून पाणी काढताना सापडला असं लिहून वर कसं पाठवायचं, हे त्याला कळेना. शेवटी मोटार दाखव म्हणाला. मी त्याला घरी नेऊन दाखवली, तर बसून पाहिली, मग नाक्यापर्यंत सोड म्हणाला, आणि गावानं महिनाभर कांडलेल्या धानातलं बरंचसं अबकारी खात्याच्या नाक्याला खर्ची पडलं. पण कोलू सुटला. उतरताना जमादारानं गादीवरून हात फिरवला आणि त्याच्या आईच्याही कमरेचं असंच आहे एवढंच बोलला.

पुन्हा धान, पुन्हा टोपल्या. एवढ्यात बाजारातून बातमी आली की आपण पळसवाहीला तेलाचं इंजिन आणि डायनामो आणण्याचं मनावर घेतलं आहे. मला इतका आनंद झाला. ताईला सांगितलं, तर तिचं जेवणच कमी झालं. ती चैतूला, गुणवंतरावांना, भाजी विकायला येणाऱ्या बाईला, ज्याला त्याला एकच विचारत राहिली की पळसवाहीले ईज आली काय. आपल्या बाजूचा पोचू सुतार आला आणि इंजिन अजून कागदावरच आहे, पावसाळ्याआधी येत नाही, असं म्हणाला तेव्हा कुठे ती पुन्हा नीट जेवायला लागली. आणि लगेच मागे लागली की होळीच्या आत निघायचंच. मी म्हणालो, थोडी आणखी भरू दे. तर ती काठी टेकत एकटी गिरणीत गेली, गुणवंतरावांशी काहीतरी बोलली आणि हसऱ्या चेहऱ्यानं परत आली. नंतर गुणवंतराव मला म्हणाले की भाऊ, जेमतेम जाईल, येण्याचं काही खरं नाही. मी म्हटलं, दिवाणजींनी जाऊन येते असं सांगितलं आहे. ताई एवढी खुशीत परत आली म्हणजे तिला चांगलंच ऐकायला मिळालं असणार, असा मी हिशेब केला.

तर व्याहीबुवा, एवढ्या सगळ्याचा मथितार्थ असा की मोटार घरी भरणं अगदी सोपं आहे. एक गिरणी, एक गाव, एक कोलू आणि सोसणारी मंडळी असली की काही लागत नाही. आणि आपल्याला माझी हात जोडून विनंती आहे की ते इंजिन लवकरात लवकर आणावं. मग मोटार आपल्या दारातच भरता येईल, ताई महिन्याच्या महिन्याला सकाळी येईल, नातीला पाहील आणि तिच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी घरी परत येईल. जनपद सभेत माझा शब्द लागत असेल तर (धोतराचा प्रकार ते विसरले असतील तर) मीही टाकतो. आशाबाईंना नमस्कार, चंदाला आणि लहानगीला आशीर्वाद, लोभ आहेच तो असाच राहू द्यावा.

आपला,
नानाजी

ता. क. वर मुक्कामाची जागा मोकळी ठेवली होती ती आता भरतो. मुक्काम : आपल्याच गावाच्या अलीकडचा नाला, त्याच्या काठावरचं मोहाचं झाड. आम्ही आज सकाळी निघालो. वाट सुरेख झाली, ताईला एकही हिसका लागला नाही, चैतू पुढे चालून दगड बाजूला करत होता, आणि इथे येऊन मोटार कोणाला काही न सांगता थांबली. चैतू सकाळपासून पायी आहे, त्यानं भाकर खाल्ली आणि सावलीत जरा पडला, तेवढ्या वेळात हे पत्र लिहिलं. तो उठला की त्याच्या हाती देतो. त्याच्याबरोबर बैलजोडी पाठवावी ही विनंती. (माझी जोडी कुठे आहे हे वर आलंच आहे.) मागे तांदळाचं एक पोतं आहे, ते आपल्यासाठी.

ता. क. दुसरा. आता चैतू उठला आहे, पण पत्र त्याच्या हातून परत मागून घेतलं. ताईनं मला गादीमागून, चैतूनं ठेवलेलं, तिचं गाठोडं काढून दे म्हटलं, पाठीला टेकायला. संध्याकाळी परतणाऱ्या बाईचं गाठोडं म्हणून मी एका हातानं उचलायला गेलो तर उचलेना. सोडून पाहिलं. त्यात तिची सगळी लुगडी आहेत, कमरेला लावायचं तेल आहे, पांघरायची गोधडी आहे, तिची उशी आहे, तिचा पाण्याचा लोटा आहे आणि सगळ्यात खाली आमच्या आढ्याला टांगलेल्या पाळण्याच्या दोऱ्या आणि फडकं आहे. मी तिच्याकडे पाहिलं तर ती मोहाच्या झाडाकडे पाहत होती. व्याहीबुवा, मी मूर्ख माणूस आहे. बैलांना कुठेही चारा मिळतो. ते तिला सकाळी घेऊन आले असते आणि संध्याकाळी घेऊन गेले असते, तिच्याच नियमाप्रमाणे. ही मोटार आपल्या गावात कुठेच भरत नाही, आणि तेवढंच तर तिला खात्रीनं हवं होतं. तरी वर इंजिनाबद्दल जे लिहिलं ते खोडलं असं समजावं. एवढ्यात इंजिनाचं मनावर घेऊ नये. जनपद सभेत कोणी विषय काढलाच तर आपला धुळीचा खोकला काढावा. आणि लोकांसमोर मला रोज मोठ्यानं विचारावं की नानाजीभाऊ, मोटार चालू झाली काय, म्हणजे मी मान हलवीन. आपल्याला आणि आशाबाईंना मनापासून चालणार असेल तरच, हे सांगायला नकोच.

ता. क. तिसरा. पत्रात काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणाली. नाकापासून कोलूपर्यंत सगळं वाचलं, दुसरा ता. क. वाचला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि माझ्या नावानंही एक ओळ टाक म्हणाली. ती सांगते तशी टाकतो : "व्याहीभाऊ, मोटार बंद पडली म्हनून राहू राह्यली, नाईतं राह्यली नसती."